चार तासांची राखण

हे वाचताना घाई करू नका. दिवसाची कामं आटोपल्यावर, जेवणाआधीचा किंवा नंतरचा अर्धा तास यासाठी ठेवा. ओट्यावर बसा, पडवीत बसा, नाहीतर एसटीच्या खिडकीशी. एक टप्पा वाचून झाला की थोडं थांबा आणि मन तिथेच राहू द्या. मग पुढचा टप्पा घ्या.

आज आपण एका हृदयाच्या सोबतीने चालणार आहोत. ते एका शरीरातून निघालं आहे आणि दुसऱ्या शरीरात अजून पोचलेलं नाही. ज्याचं होतं तो माणूस गेला आहे. ज्याला मिळणार आहे त्याच्या छातीत ते अजून बसलेलं नाही. त्याच्या वाट्याला असे तीन-चार तास येतात. त्या तासांत त्याची राखण कशी होते, याचा परिणाम त्याच्या पुढच्या दहा-वीस वर्षांवर होऊ शकतो. आपल्याला मनन करायचं आहे ते याच मधल्या वेळाचं.

पहिला टप्पा : स्वतःचा ठोका

उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. ठोका लागेपर्यंत थांबा. लागला की मोजू नका, नुसती सोबत करा.

मुठीएवढा, पाव किलोहून थोडा जड असा हा स्नायू दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतो. साऱ्या देहाला रक्त पुरवतो, तसं स्वतःलाही पुरवतो. महाधमनी जिथे हृदयातून बाहेर पडते तिथेच, अगदी मुळाशी, तिला दोन वाहिन्या फुटतात. एक उजवीकडची, एक डावीकडची. त्यांची रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. त्यांच्या फांद्या, फांद्यांच्या डहाळ्या हृदयाच्या अंगावर पसरत जातात आणि शेवटी स्नायूच्या आत शिरतात. हृदयाचं पोट यांच्यावरच चालतं.

आता आणखी आत या. या वाहिन्यांना आतून एक अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं. डोळ्यांना न दिसणारं हे अस्तर दिवसरात्र काम करतं. ते रक्ताला गोठू देत नाही. गरज पडेल तसं वाहिनीला सैल व्हायला सांगतं. रक्तातून जाणाऱ्या संरक्षक पेशींना आत शिरायचं की पुढे जायचं, याचा निर्णयही तिथेच होतो. ते गुळगुळीत आणि शांत असलं की रक्त निर्धास्त वाहतं.

आज आपण ज्याची काळजी वाहणार आहोत ते हे अस्तर. पाच श्वास सावकाश घ्या आणि प्रत्येक श्वासाबरोबर एवढंच आठवा, की या क्षणी ते माझ्याही आत आहे आणि मी न सांगता आपलं काम करतं आहे.

दुसरा टप्पा : पुणे-नाशिक रस्ता

राजगुरुनगर सोडलं की मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा. जुन्नर आणि आंबेगावच्या माणसाचा हा रोजचा रस्ता. भाजीच्या गाड्या, उसाचे ट्रॅक्टर, लग्नाची वऱ्हाडं, कॉलेजची पोरं, सगळे इथूनच जातात. डोक्याला मार लागलेल्या माणसाला घेऊन पुण्याकडे धावणारी रुग्णवाहिकाही इथूनच जाते. नारायणगावाहून पुणं पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, जुन्नरहून आणखी थोडं लांब.

एक घर मनात आणा. कोणतंही. त्या घरातला कर्ता मुलगा पुण्याच्या अतिदक्षता विभागात आहे. व्हेंटिलेटरने छाती वरखाली होते आहे, अंग गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसताहेत. आणि डॉक्टर सांगतात की मेंदूचा देठ, म्हणजे मेंदूस्तंभ, मृत झाला आहे. कायद्याने ठरवलेलं चार डॉक्टरांचं मंडळ तपासण्या करतं. त्याच तपासण्या किमान सहा तासांनी पुन्हा होतात. तरीही धाकटा भाऊ विचारतो, “दादाचं काळीज तर चालू आहे. मग दादा गेला कसा?”

या प्रश्नापाशी थांबा. तो अडाणीपणाचा प्रश्न नाही, प्रेमाचा आहे. त्याचं उत्तर तितक्याच प्रेमाने द्यायला हवं. हृदयाच्या ठोक्याची ठिणगी हृदयातच असते. मेंदूने हुकूम द्यावा लागत नाही. प्राणवायू मिळतोय तोवर ते धडधडत राहतं. श्वासाचा हुकूम मात्र मेंदूस्तंभातून येतो आणि तो देठ मेला की श्वास परत येत नाही. यंत्र हवा भरतं म्हणून हृदयाला प्राणवायू मिळतो. तेही फार दिवस टिकत नाही. म्हणजे दादा गेला आहे, आणि त्याचं हृदय अजून थोडा वेळ चालू शकतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आपल्या राज्याने हे सत्य कायद्यात आणायला पुढाकार घेतला होता, हेही इथे आठवू या. १६ फेब्रुवारी १९६८च्या रात्री मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं प्रत्यारोपण केल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. डॉ. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. तेव्हा मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती आणि शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून आज असलेली औषधंही नव्हती. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने १९९४ साली केला तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधानसभांनी ठराव केल्यावर. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं. मुंबईला मात्र डॉ. सेन यांच्यानंतर सत्तेचाळीस वर्षं वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने एका तरुणाला नवं हृदय बसवलं. ते हृदय पुण्याहून आलं होतं. पुण्यातल्या एका कुटुंबाने आपल्या घरातली बाई गेल्यावर, त्याच दुःखात, होकार दिला होता.

तो होकार मनात धरा. अवयवदानाच्या संमतीच्या, आठ नंबरच्या अर्जावर जवळच्या नातेवाइकाची सही होते. देण्याचं काम त्या सहीने पुरं होतं. पोचण्याचं काम तिथून सुरू होतं.

तिसरा टप्पा : थांबवलेलं हृदय

आता शस्त्रक्रियागृहात या. मनाने, हळू.

महाधमनीला चिमटा लागतो आणि हृदयाच्या वाहिन्यांतून पोटॅशियमयुक्त थंड द्राव सोडला जातो. काही क्षणांत हृदय थबकतं. ते सैल पडतं, शांत होतं. चालू हृदयाची भूक मोठी असते, थांबवलेल्या हृदयाची कमी. थंड केलं की ती आणखी कमी होते. म्हणून ते द्रावात बुडवून, एकाबाहेर एक अशा निर्जंतुक पिशव्यांत घालून बर्फाच्या पेटीत ठेवतात. आतलं तापमान साधारण ४ अंशांच्या आसपास. गेली पाच-सहा दशकं जगभर हीच रीत चालत आली आहे. ती स्वस्त आहे, साधी आहे, आणि तिने हजारो जीव वाचवले आहेत.

आता घड्याळ सुरू झालं आहे. साधारण चार तास. त्यातच रस्ता आला, विमानतळ आला, पुन्हा रस्ता आला. शेवटी नव्या छातीत एकेक टाका घालायला लागणारा तासाभराचा वेळही त्यातच आला. ग्रीन कॉरिडॉरसाठी, म्हणजे वाट मोकळी ठेवायला, पोलीस चौकाचौकात उभे राहतात ते या हिशेबासाठी. जुलै २०२३ मध्ये हवाई दलाच्या विमानाने नागपूरहून पुण्याला असंच एक हृदय दीड तासात आणलं होतं, लष्कराच्या हृदयरोग संस्थेत वाट पाहणाऱ्या एका जवानासाठी. रस्त्याने तेच अंतर सातशे किलोमीटरच्या पुढे जातं.

पण आपण पेटीबाहेरच्या धावपळीकडे पाहत नाही आहोत. आपण पेटीच्या आत आहोत. इथे काय चाललं आहे?

थंडीने भूक मंदावते, संपत नाही. पेशी अजून जिवंत आहेत आणि थोडं थोडं इंधन खात आहेत. प्राणवायू येत नाही. पेशीतलं मीठ-पाण्याचं गणित सांभाळणारे पंप मंदावतात आणि पेशी फुगू लागतात. पेशीच्या ऊर्जाघरात, मायटोकाँड्रियात, सक्सिनेट नावाचं एक द्रव्य साचत जातं. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. हृदय तसंच दिसतं, गार आणि स्वस्थ.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वावरलेल्यांना ही गोष्ट लवकर उमगेल. कच्चा टोमॅटो दहा अंशांच्या खाली फार काळ ठेवला तर त्याला थंडीची बाधा होते. शीतगृहात असेपर्यंत तो चांगला दिसतो. बाहेर काढला, उबेला आला, की मग कळतं. डाग पडतात, रंग नीट चढत नाही, कुठे पिकतो कुठे नाही. इजा थंडीत होते आणि दिसते उबेत.

हे वाक्य एकदा मनात म्हणा. इजा थंडीत होते आणि दिसते उबेत. पुढचा टप्पा याचाच आहे.

चौथा टप्पा : प्राणवायू परत येतो तेव्हा

नव्या छातीत शेवटचा टाका पडला आहे. चिमटा सुटतो. ऊबदार, लालभडक रक्त त्या तीन-चार मिलिमीटरच्या वाहिन्यांत शिरतं. खोलीतले सगळे श्वास रोखून पाहताहेत. हृदय थरथरतं, मग लय धरतं.

हा आनंदाचा क्षण आहे. तो पुरता अनुभवा. आणि मग त्याच क्षणात दुसरं काय घडतंय तेही बघा, कारण मननाला दोन्ही पाहता आलं पाहिजे.

साचलेलं सक्सिनेट प्राणवायू मिळताच झपाट्याने जळतं. केंब्रिजच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली हे उलगडून दाखवलं. त्या घाईच्या ज्वलनातून प्राणवायूचे अतिक्रियाशील कण उसळतात आणि ते जवळचं जे सापडेल त्याला डसतात. सर्वांत आधी सापडतं ते रक्ताला लागून असलेलं, एका पेशीच्या जाडीचं अस्तर. त्याच्या वरची साखरेच्या धाग्यांची नाजूक लव झडते. गुळगुळीत भिंत चिकट होते. रक्तातल्या संरक्षक पेशी तिला चिकटतात, आत शिरतात. या पेशी नव्या मालकाच्या आहेत. त्यांना हे हृदय परकं आहे. जखमी अस्तर त्यांना जणू बोलावून सांगतं की इथे काहीतरी बिघडलं आहे, या.

ज्या प्राणवायूसाठी हृदय चार तास आसुसलं होतं, त्याच्याच येण्याने ही जखम होते. इथे दोष कुणाचाच नाही. सर्जनने टाका नीट घातला, चालकाने गाडी नीट हाकली, कुटुंबाने मोठ्या मनाने दिलं. तरीही काळाने आपला वाटा घेतला.

इथे पुन्हा पाच श्वास. प्रत्येक श्वासाबरोबर तो आत येणारा प्राणवायू जाणवू द्या.

पाचवा टप्पा : न दुखणारं हृदय

वर्षं जातात. ज्याला हृदय मिळालं तो माणूस जिने चढतो, शेतावर जातो, मुलीच्या लग्नात मिरवतो. हृदयप्रत्यारोपणानंतर निम्म्याहून अधिक माणसं आता दहा वर्षांच्या पुढे जातात. हे लहान यश नाही.

पण आत, वाहिन्यांच्या भिंतीत, एक हळू गोष्ट चालू असू शकते. त्या जखमी अस्तराखालचा थर जाड होत जातो. नेहमीच्या हृदयविकारात चरबीचा गोळा एखाद्या जागी साचतो आणि तिथे फुगा किंवा स्टेंट घालता येतो. इथे तसं नसतं. मुळापासून डहाळीपर्यंत, सगळ्या बाजूंनी, सारख्याच रीतीने वाहिनी आतून अरुंद होते. स्टेंट घालावा तरी कुठे कुठे घालणार? आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार हा आजार पहिल्या वर्षाअखेर साधारण ८ टक्के, पाच वर्षांनी २९ टक्के आणि दहा वर्षांनी ४७ टक्के रुग्णांत आढळतो. प्रत्यारोपणानंतरची उशिराची मरणं ज्या कारणांनी होतात, त्यांत हे एक मोठं कारण आहे.

आणि हे हृदय दुखत नाही. काढताना त्याच्या नसा कापल्या गेलेल्या असतात. नंतर त्यांतल्या काही थोड्याफार परत जुळतात, पण पूर्वीसारख्या नाहीत. छातीत कळ येऊन सावध होण्याची सोय या माणसाला सहसा उरत नाही. हृदयाला आवर घालणारी नसही तुटलेली असते, म्हणून स्वस्थ बसलेलं असतानाही ते मिनिटाला नव्वद-शंभर ठोके देत राहतं. भीती वाटली तर लगेच धडधडत नाही. रक्तातून संप्रेरकं पोचतील तेव्हा, जरा उशिरा, त्याला कळतं.

मनगटावर बोटं पुन्हा ठेवा. तुमचं हृदय तुमच्याशी बोलतं. दमलं की सांगतं, घाबरलं की सांगतं, अडलं की दुखून सांगतं. जे हृदय असं सांगू शकत नाही त्याची विचारपूस बाहेरून करावी लागते. म्हणून ठरलेल्या मुदतीने अँजिओग्राफी होते. काही ठिकाणी वाहिनीच्या आत बारीक सोनोग्राफीची सळई घालून भिंतीची जाडी मोजतात. म्हणून कोलेस्टेरॉल मुळात जास्त नसलं तरी स्टॅटिनची गोळी असते. विषाणूंपासून जपणूक असते, साखर आणि रक्तदाब सांभाळणं असतं, चालणं असतं.

भिंत जाड होण्याचा वेग कमी करणारी औषधंही आहेत. त्यांतल्या एका कुळाचा उगम ईस्टर बेटाच्या मातीत आहे. त्या मातीतल्या सूक्ष्मजीवाने बनवलेलं रॅपामायसिन हे द्रव्य सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९७०च्या दशकात कॅनडात वेगळं केलं. कंपनीने तिथली प्रयोगशाळा बंद केली, काम थांबलं, तेव्हा सेहगल यांनी त्या सूक्ष्मजीवाचे नमुने स्वतःच्या घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले. पुढे काम पुन्हा सुरू झालं आणि औषध तयार झालं. त्याच्याच कुळातल्या एव्हेरोलिमसने नव्या हृदयाच्या वाहिन्या जाड होणं कमी होतं, हे २००३ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं. आपली वेळ येईपर्यंत ते जपून ठेवणारा माणूस होता, म्हणून हे औषध आज आहे.

सहावा टप्पा : राखणीच्या नव्या रीती

आता त्या पेटीकडे परत या. मनात एक साधा प्रश्न येऊ द्या. या चार तासांत हृदयाला नुसतं गार ठेवण्याऐवजी थोडं जेवू घालता येईल का?

याची दोन-तीन उत्तरं जगाने शोधली आहेत. एका रीतीत हृदय ऊबदार ठेवून, त्यातून रक्त फिरवून, यंत्रात धडधडतंच ठेवतात. दुसऱ्या रीतीत पेटी बर्फाची नसते. तापमान ठरावीक अंशांवर धरून ठेवतात, म्हणजे बर्फाला टेकून गोठण्याचा धोका टळतो. तिसरी रीत स्वीडनमधल्या लुंड इथे डॉ. स्टिग स्टीन यांनी विकसित केली. तिच्यात हृदय थांबलेलं असतं, तापमान ८ अंश असतं, आणि प्राणवायू मिसळलेला पोषक द्राव अगदी हलक्या दाबाने हृदयाच्या वाहिन्यांतून सतत फिरत राहतो. अस्तराला भूक लागू न देण्याचा हा प्रयत्न आहे.

युरोपातल्या आठ देशांतल्या पंधरा केंद्रांनी या तिसऱ्या रीतीची बर्फाच्या पेटीशी तुलना केली. निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या तीस दिवसांतल्या सगळ्या मोठ्या संकटांची बेरीज यंत्रातल्या हृदयांत १९ टक्के आणि बर्फातल्या हृदयांत ३० टक्के निघाली. संख्याशास्त्राच्या काटेकोर रेषेला हा फरक अगदी थोडक्यात कमी पडला. पण नवं हृदय सुरुवातीलाच नीट न चालण्याचं संकट ११ टक्के विरुद्ध २८ टक्के असं होतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये याच रीतीने लांबच्या अंतरावरून हृदयं आणली. त्यांतलं एक पावणेनऊ तासांहून किंचित अधिक वेळ शरीराबाहेर राहिलं आणि मग नव्या छातीत चाललं.

इथे मनाला थोडा लगाम घाला. तीस दिवसांचं उत्तर तीस दिवसांत मिळतं. वाहिन्या दहा वर्षांनी किती मोकळ्या राहिल्या याचं उत्तर मिळायला दहा वर्षंच लागतात. शिवाय हा आजार केवळ त्या चार तासांतून येत नाही. दात्याचं वय, मेंदूमृत्यूच्या वेळी देहात उठलेलं वादळ, नव्या शरीराचा नकार, विषाणू, साखर, सगळ्यांचा त्यात हात असतो. पण यांतल्या कितीतरी गोष्टी आपल्या हाताबाहेरच्या आहेत, आणि हे चार तास बऱ्याच अंशी आपल्या हातातले आहेत. जे हातात आहे त्याची जबाबदारी मोठी असते.

यंत्र महाग आहे. आपल्याकडे सरकारी रुग्णालयातल्या माणसापर्यंत ते कसं पोचेल, हा प्रश्न खरा आहे. तो विज्ञानाइतकाच समाजाचा आहे.

सातवा टप्पा : जुन्नरच्या डोंगरातले दाते

डोळे मिटा आणि जुन्नर शहराच्या भोवतालचे डोंगर आठवा. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी. यांच्या अंगावर दोनशेहून अधिक लेणी आहेत, इसवी सनाच्या आगेमागच्या काही शतकांत कोरलेली. नाणेघाटातून व्यापार चालायचा, तांडे वर चढायचे, आणि इथल्या विहारांना दान मिळायचं. कुणी काय दिलं ते ब्राह्मी अक्षरांत कोरून ठेवलेलं आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. इरिल नावाच्या यवनाने, दूरदेशाहून आलेल्या माणसाने, दोन टाकी दिली.

मानमोडीच्या लेण्यांतले काही लेख मात्र वेगळं सांगतात. तिथे दाते शेतं देतात, आंब्याची झाडं देतात. पैसा श्रेणींच्या हवाली करतात. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे इतका, कासारांच्या श्रेणीकडे इतका, असा हिशेब लेखात आहे. मूळ रक्कम तशीच राहावी आणि तिच्या उत्पन्नातून काम चालू राहावं, यासाठी.

या लेखांपाशी सावकाश उभे राहा. त्या माणसांना एक गोष्ट नीट कळली होती. दान दिलं की ते आपोआप टिकत नाही. टाकं दिलं तर त्यातला गाळ कुणीतरी काढायला हवा. म्हणून दानाबरोबरच ते राखण्याची तजवीजही त्यांनी केली आणि तीही दानातच धरली. आणि राखणारे कोण होते? बांबू कापणारे, भांडी घडवणारे. राजे नव्हेत, आपल्यासारखी हातांनी काम करणारी माणसं.

हृदय देणाऱ्या घराला अशी तजवीज स्वतः करता येत नाही. त्या रात्री त्यांच्याकडे देण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी दिलेलं आहे. सही करून ते गावी परत जातात, दशक्रिया करतात, पुढच्या हंगामाची पेरणी करतात. हृदय कुणाला मिळालं हे नियमाने त्यांना सांगितलं जात नाही. त्यांचं दान राखण्याची तजवीज बाकीच्या सगळ्यांनी करायची आहे.

ती कोण करतं ते एकेक करून मनात आणा. व्हेंटिलेटरवरच्या मृत देहाचा रक्तदाब रात्रभर सांभाळणारी परिचारिका. अवयवांचं वाटप न्यायाने करणारे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राचे (झेडटीसीसीचे) समन्वयक. द्राव नेमका मापून सोडणारा तंत्रज्ञ. चौक मोकळा ठेवणारा हवालदार. रुग्णवाहिकेला वाट देणारा टेंपोवाला. नवं यंत्र घ्यायचं की नाही ते ठरवणारी रुग्णालयाची समिती. दहा वर्षं न चुकता गोळी घेणारा आणि तपासणीला येणारा तो स्वतः. प्रत्येकाला मनातल्या मनात नमस्कार करा. यांतला एक जरी चुकला तरी अस्तराला ते कळतं.

आठवा टप्पा : आपला वाटा

शेवटी मन स्वतःकडे वळवा. या साखळीत माझी जागा कुठे आहे?

मी दुचाकीवर हेल्मेट घातलं, तर कदाचित या साखळीत दाता म्हणून यावं लागणारच नाही, आणि ते सर्वांत चांगलं. मी मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकून गाडी बाजूला घेतली, तर मी कुणाच्या तरी अस्तराची काही मिनिटं वाचवली. मी घरात, सगळे धडधाकट असताना, चहाच्या वेळी सांगितलं की माझं असं काही झालं तर तुम्ही होकार द्या, तर त्या रात्री माझ्या माणसांना अंदाज बांधत बसावं लागणार नाही. अर्ज भरून ठेवणं चांगलंच, पण शेवटी सही घरच्यांची लागते. म्हणून बोलून ठेवणं अधिक महत्त्वाचं.

लवकर मिळालेला होकार हा देखील राखणीचाच भाग आहे. मेंदूमृत्यूनंतर देह तासागणिक अस्थिर होत जातो. भीतीपोटी, गैरसमजापोटी गेलेले तास हृदयाला भोवतात. “काळीज चालू आहे, मग गेला कसा” या प्रश्नाचं उत्तर मंचरच्या, घोडेगावच्या, ओतूरच्या, जुन्नरच्या घराघरांत आधीच ठाऊक असेल, तर त्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी शोक करणाऱ्या माणसाला एकाच वेळी शोकही आणि शिक्षणही झेलावं लागणार नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला, ग्रामसभेत, हरिनाम सप्ताहाच्या मंडपात, ३ ऑगस्टच्या अवयवदान दिनाला हे सांगता येतं. आणि मागताही येतं. मोफत औषधांची खात्री मागता येते. तालुक्यातून पुण्यापर्यंत चांगली रुग्णवाहिका मागता येते. सरकारी रुग्णालयात हृदय राखण्याचं चांगलं साधन मागता येतं. यंत्र आज महाग आहे म्हणून त्याचं नाव घ्यायचंच नाही असं नाही. मागणी नोंदवली तरच कधीतरी ते येईल.

आता शेवटचे पाच श्वास. पहिला दात्यासाठी. दुसरा त्याच्या घरासाठी. तिसरा राखणाऱ्या साऱ्या हातांसाठी. चौथा त्याच्यासाठी, ज्याच्या छातीत न दुखणारं हृदय आज शंभराच्या गतीने चालू आहे. पाचवा स्वतःसाठी.

मग उठा आणि घरातल्या एका माणसाशी बोला. मोठं काही सांगायची गरज नाही. मला काही झालं तर काय करायचं, एवढं सांगा. आणि त्यांचं म्हणणं काय आहे, तेही विचारा.